अंगणात फेकलेलं जाळं
औषधाच्या दुकानात व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा उग्र वास आला की मला ब्रह्मपुरीजवळचं आमचं अंगण आठवतं. बाबांना पार्किन्सन झाला होता. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत हातांचा व्यायाम सांगितला. तशाच वासाची ताकदीची पावडर मी आपल्या मनाने आणली. पावडर ते मुकाट्याने प्यायचे, पण नुसते हात वरखाली करायला लाजायचे. म्हणून त्यांनी मासेमारीचं जाळं काढलं. त्याच जाळ्याने मला कॉलेजपर्यंत शिकवलं होतं. रोज सकाळी ते जाळं कोरड्या अंगणात फेकायचे आणि ते न उघडता गोळा होऊन पडायचं. जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी सारवलेल्या जमिनीवर खडखडायचे. "भाऊ, अंगणात कोणते मासे लागून राह्यले?" मासेमारीला तलावावर निघालेले शेजारचे काका विचारायचे. "तुह्यासारखे झिंगे," बाबा म्हणायचे. त्यांना पुन्हा तलावावर जायचंय, असंच आम्ही समजत होतो. एका सकाळी जाळं हवेत गोल उघडलं आणि अंगणभर पसरलं. आई हसली. बाबांनी ते हळूहळू गोळा केलं आणि काकांच्या हातात दिलं. "घेऊन जाय. तलावावर आता मले नाई जमत. एकडाव उघडलेलं पाहाचं होतं." काका जाळं खांद्यावर टाकून गेले. आईने अंगण झाडायला घेतलं. मला तेव्हा रडू आलं नाही. आज हे लिहितानाही येत नाही.