तीन अंथरुणं आणि चार भिंती

आईने दुसरं लग्न केलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि भयंकर हट्टी होते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, तरी विधवेने पुन्हा लग्न करायचं म्हटलं की लोकांच्या भुवया वर जायच्या. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, चार माणसांना पेढे वाटले, आणि आई, मी आणि माझा सहा वर्षांचा भाऊ बोरिवलीला मामाकडे राहत होतो ते मुलुंडला काकांच्या घरी आलो. काका म्हणजे आईचे नवे यजमान. ‘बाबा’ हा शब्द मी त्यांना देणार नव्हते, तो आधीच दिलेला होता.

आमचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. मामाकडे त्यांचा फोटो जागेअभावी तांदळाच्या डब्यावर उभा असायचा. तांदूळ काढायचे झाले की मामी बाबांना उचलून खाली ठेवायची, आणि भात शिजायला टाकला की परत वर. नव्या घरात बाबांना स्वतःचा खिळा मिळाला पाहिजे, एवढं एकच मी मनाशी पक्कं केलं होतं. बाकी मला काही नको होतं.

काकांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. “आतली खोली मुलांची. आम्ही दोघं बाहेर झोपू,” असं काकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. पण आतल्या खोलीत तोवर एकच मालकीण होती. काकांची मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी, दोन घट्ट वेण्यांची, आणि तिची आई गेल्यापासून त्या खोलीत एकटी राहायची सवय झालेली. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि पायाच्या अंगठ्याने लाद्या मोजल्या.

“इथपर्यंत तुमचं. बारा लाद्या. दोघांना बास झाल्या.”

“आम्ही काय मांजरं आहोत?”

“मांजराला एक पुरते,” ती म्हणाली.

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कुठलंही भांडण कागदावर काढलं की मिटतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी आम्हाला जमिनीवर ताठ झोपवून टेपने मोजलं. भावाला गुदगुल्या होऊन तो इतका वळवळला, की त्याची लांबी शेवटी अंदाजाने धरावी लागली. दोन दिवसांत खोलीचा सुरेख नकाशा तयार झाला. त्यात दार होतं, खिडकी होती, कपाट होतं आणि तीन रंगांच्या पेन्सिलींनी काढलेली तीन अंथरुणं होती. लाद्यांच्या मालकिणीलासुद्धा त्यात खोट काढता येईना.

रविवारी घाटकोपरहून आत्या आली. ही काकांची थोरली बहीण. तिने नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला.

“पोरांचे पाय कुठं येतात रे?”

“पश्चिमेला.”

“मेल्या, तिथं माझी भावजय आहे ना!”

खरंच होतं. पश्चिमेच्या भिंतीवर त्या मुलीच्या आईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. काकांनी निमूटपणे खोडरबर काढलं. पूर्वेला देव्हारा, म्हणजे तिकडे पाय करायची सोयच नाही. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. “तिकडं पाय मेलेल्या माणसाचे करतात,” आत्या म्हणाली आणि भावाने लगेच स्वतःचे पाय पोटाशी घेतले. उरली उत्तर. तिथे खिडकी आणि तिच्या शेजारी कोरी भिंत. “तिकडं कुणी नाही. खुशाल पसरा,” असा निकाल लागला.

“मग आमच्या बाबांना कुठं लावायचं?” मी विचारलं.

सगळ्यांनी भिंतींकडे पाहिलं. खोलीत तेवढी एकच भिंत मोकळी होती आणि ती आता तीन जोड्या पायांना मिळाली होती. दक्षिणेला कपाट आणि दार. देवांच्या शेजारी गेलेल्या माणसाचा फोटो लावत नाहीत. स्वयंपाकघरात फळ्या आणि धूर. बाहेरच्या खोलीचं नाव काढताच आत्या म्हणाली, “आलागेला विचारील, हे कोण म्हणून. काय सांगणार? बाईचे पहिले यजमान?”

“मग ह्यांच्या शेजारी,” मी पश्चिमेच्या फोटोकडे बोट दाखवलं.

“अगं, लोक जोडपं समजतील!” आत्या किंचाळलीच.

काकांना मात्र हुरूप आला होता. त्यांनी काटकोन मापायचा गुण्या आणला आणि अंथरुणं तिरकी टाकायचं ठरवलं. बाबा उत्तरेच्या भिंतीवर आणि पाय कोपऱ्याकडे, म्हणजे कुणाकडेच नाहीत! आम्ही तिघं तिरके झोपून पाहिलं. भावाचं डोकं कपाटाखाली गेलं, माझं उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात गेलं, आणि ती मुलगी देव्हाऱ्याला अडकली आणि घंटी वाजली.

“आणि पाय अर्धे ह्यांच्या बाबांकडे, अर्धे माझ्या भावजयीकडे,” आत्या म्हणाली.

तेव्हा आई हळूच म्हणाली, “राहू दे. ट्रंकेत ठेवते मी.”

माझं डोकंच फिरलं. “तुला काय! तुला दुसरे मिळाले!” मी सगळ्यांच्या देखत ओरडले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. आई स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरत बसली. मी मोरीशी जाऊन भोकाड पसरलं. काकांनी नकाशाची घडी घातली.

सोमवारी सकाळी ठोकण्याच्या आवाजाने मला जाग आली. ती मुलगी स्टुलावर उभी होती, हातात खलातला बत्ता. तिच्या आईचा फोटो भिंतीच्या मधून उजवीकडे सरकला होता आणि डावीकडे ती नवा खिळा ठोकत होती. अर्धा गिलावा माझ्या उशीवर पडला होता.

“बघत काय बसलीस? तुझ्या बाबांना आण.”

“आत्या काय म्हणेल?”

“ती रविवारी येणार. आज सोमवार आहे.” मग तिने आणखी एक ठोका घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी शाळेत गेले की आई इथं एकटीच असते गं.”

मी ट्रंक उघडली. फोटो तिच्या हातात देताना मला रडू आलं आणि तिलाही आलं, म्हणून ती लगेच म्हणाली, “पण अर्धीच भिंत हं. आणि लाद्या बाराच.”

काका फूटपट्टी घेऊन आले, दोन्ही फोटोंमधलं अंतर मोजलं आणि पट्टी खिशात घालून बाहेर गेले. आई कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. तिने कोपराने डोळे पुसले आणि पोळ्या करायला गेली.

पुढच्या रविवारी आत्या फोटोंसमोर उभी राहिली. “वाट लागली,” ती मुलगी माझ्या कानात कुजबुजली. पण आत्याला काहीही वाकडं बघवत नसे. बाबांचा फोटो जरा कलला होता, तो तिने बोटाने सरळ केला आणि चहा मागितला.

महिनाभराने एका रविवारी, आत्या आलेली असताना, एक लांबच्या नात्यातल्या बाई लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. पत्रिका देवापुढे ठेवायला आतल्या खोलीत गेल्या आणि वळताना भिंतीकडे बघत थांबल्या.

“हे जोडपं कोण?”

आम्ही तिघंही आत्याकडे बघायला लागलो. आत्याने पदर सारखा केला.

“ह्या पोरांचे आईवडील.”

“अरेरे!” बाईंनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, भाऊ “आई, मला पण!” म्हणत तिला बिलगला, आणि मागून काका खुर्ची घेऊन आले तशी त्यांची लेक म्हणाली, “बाबा, इकडे ठेवा.” बाई एकदा भिंतीकडे बघत होत्या, एकदा आई आणि काकांकडे.

“मग हे?”

“हेही आईवडीलच,” आत्या म्हणाली. “चहा घ्या, निवतोय.”