खाडीत सापडली माझीच पिशवी

सोसायटीतल्या बायांनो, फळ्यावर लावलेलं हे एवढं वाचा आणि मगच जिना चढा.

आज सकाळी माझ्या नातीच्या, पिंकीच्या शाळेची पोरं खाडीकाठचा कचरा उचलायला गेली. मी पण गेले. गुडघे दुखतात, पण घरी बसलं तरी दुखतातच की!

तिथं पिंकी ओरडली, "आजी, खेकडा अडकलाय!" फाटक्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पाय गुंतून बिचारा तडफडत होता. पिशवीच्या तोंडाला हिरव्या काठाची चिंधी बांधलेली. चिंधी माझ्याच जुन्या लुगड्याची! आत देवाची सुकलेली फुलं. दर सोमवारी मीच पुलावरनं टाकते, पुण्य म्हणून.

"तुझीच गाठ आहे आजी, तूच सोड," पिंकी म्हणाली.

खाली बसले, गाठ सोडली नि त्याला सोडवला. मेल्यानं माझा पदर नांगीत धरला, मग सोडून तुरुतुरु बिळात पळाला.

"रागावलाय तुझ्यावर."

म्हटलं, "रागवू दे गं, जगला ना!" अजून हसू येतंय मला.

आता फुलं गच्चीवरच्या तुळशीत घालणार. तुमचीही आणून द्या, पण पिशवी परत न्यायची. आणि खरं सांगा, आणखी कुणाकुणाची गाठ आहे तिथं?

— पिंकीची आजी, दुसरा मजला