मागच्या सीटचा पट्टा

जुनी सात सीटर गाडी घेतली, तेव्हा तिची किरकोळ दुखणी होतीच. वायपर करकरायचा, एक काच अर्ध्यावर अडायची. मेकॅनिकने ती बरी केली. उरलं एकच. मागच्या डाव्या सीटवर कुणी नसलं, तरी पट्टा लावा म्हणून गाडी टुंग टुंग करत राहायची. सेन्सर बदलला, तरी तेच. शेवटी मेकॅनिक वैतागून म्हणाला, "साहेब, गाडीला वाटतंय तिथं कुणीतरी बसलंय. पट्टा लावूनच टाका ना!" रिकाम्या सीटवर पट्टा लावला आणि गाडी गप्प झाली.

तेव्हा मला गाडी विकणारे काका आठवले. किल्ली माझ्या हातात दिल्यावर त्यांनी तेच डावं दार उघडलं होतं, आणि आत वाकून हळूच म्हणाले होते, "येतो गं." निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, हे खरं. पण 'येतो' तरी माणूस कुणाला सांगतो? मागे राहणाऱ्यालाच ना?

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. काल बाजारातून आलो. बायकोने मागच्या पिशव्या काढल्या, दार लावता लावता आत पाहिलं आणि सहज म्हणाली, "येतो हं आम्ही."