फुकटची बंदूक, विकतची बंदूक

मासेमारी बंद असली की आमच्या मुरबे गावात मासे मिळत नाहीत, किस्से मात्र टोपलीभर मिळतात. बोटी वर ओढलेल्या, माणसं मोकळी, हातात मोबाइल. मी बोईसरच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, पण सुट्टीला माझा मुक्काम जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्येच. तिथे आमचा बंदुकीच्या गेमचा अड्डा आहे. जयवंतदादा बोटीचा तांडेल, म्हणजे समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. नरेश त्याच्याच बोटीवरचा खलाशी. गेममध्ये मात्र नरेशचा नंबर वर, कारण तो बंदुका विकत घेतो. दादाला हे अजिबात सोसत नाही.

*

नरेशने एकदा सोनेरी जॅकेट घेतलं. गोळी लागली की त्यातही मरायचंच, फायदा शून्य. मी विचारलं, "मग घेतलंस कशाला?"

"मेल्यावर तरी बरा दिसंन."

*

दादाचा नियम, गेमवर एक रुपया घालायचा नाही. "मासं दे म्हणून दर्याला कवा पैसं दिलं का आमी?"

नरेश जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "आनि डिझेल?"



*

दादाची बायको, भावनावहिनी, पालघरच्या बाजारात मासे विकते. नरेश गेममधला लकी बॉक्स विकत घेत होता, तेव्हा तिने विचारलं, "आत काय हाय?"

"उघडल्यावर कळतं."

"नाय आवडलं तर परत?"

"परत नाय."

"मी अशी झाकलेली टोपली विकली तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यावर उलटी करंल." मग जरा विचार करून म्हणाली, "पन धंदा चांगला हाय."

*

पगार झाला तसा एकदा मीही मोहात पडलो आणि बंदूक घेतली. गेमने मला लगेच वरच्या गटात टाकलं. तिथे सगळे माझ्याहून जास्त खर्च केलेले! कॅन्टीनमध्ये बसल्या बसल्या मी पाच वेळा मेलो. शेजारी जेवणारा बिहारचा ऑपरेटर म्हणाला, "पहले फ्री में मरते थे, सर. अब पैसा देके मर रहे हो."

घरी हे मी अजून सांगितलेलं नाही.

*

मग सफाळ्याला टीमची स्पर्धा लागली आणि कॅप्टन कोण, यावरून जुंपली.

"बोटीवर मी तांडेल, हितं बी मीच," दादा म्हणाला.

"मंग मला हरवून दाखव."

"तुज्या विकतच्या बंदुका बाजूला ठेव, मंग बग."

तोडगा वहिनीने काढला. आमच्याकडे दोन बोटींत जाळ्यावरून वाद झाला की जाळी बदलून समुद्रात एक फेरी मारतात. मासे कुणाला लागले ते बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "तसंच करा," वहिनी म्हणाली. "फोन बदला, तीन डाव खेळा. जिंकंल तो कॅप्टन."

दादाच्या हातात नरेशच्या सगळ्या भारी बंदुका आल्या. नरेशच्या हातात दादाचा तडा गेलेला फोन आणि फुकट मिळणारी बंदूक. अख्खी शेड गोळा झाली. दादा हरला तर त्याला आपल्याच खलाशाच्या हुकमात खेळायचं होतं.

नरेशने त्याला तिन्ही डावांत पाडलं.

कुणी हसेना. तांडेलाला कोण हसणार? दादाने नरेशचा फोन शर्टाला पुसून परत केला, आपला हातात घेतला आणि सगळ्यांकडे बघत शांतपणे म्हणाला, "बगितलं? बंदूक माझीच चांगली हाय."