तुंबलेलं पाणी

मालनला नवऱ्याचा संशय येऊ लागला तो त्याच्या येरझाऱ्यांमुळे. डिलाईल रोडच्या चाळीत सगळे जेवून टीव्हीपुढे बसले, की कुशाबा हळूच उठायचा, गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे जायचा आणि बराच वेळ परतायचा नाही. आला, की थोड्याच वेळात पुन्हा पायात चप्पल.

"पोट बिघडलंय," म्हणायचा. पण चहासुद्धा अर्धा टाकायचा. चेहरा सुजलेला, पावलं भरलेली. गिरणी बंद पडली तेव्हा त्याने बाटली धरली होती. मालननेच मोठ्या कष्टाने सोडवली होती. तिने जवळ जाऊन वास घेतला. दारूचा नव्हता, पण तोंडाला भलतीच उग्र घाण येत होती. काहीतरी लपवतोय, हे नक्की.

एका संध्याकाळी ती मागोमाग गेली. दार ढकललं, तर कुशाबा भिंतीला हात टेकून उभा, घामाने निथळत.

"होतच नाय गं," तो पुटपुटला. "थेंब येतो, की बंद."

लाजेपायी तो कुणाला बोलला नव्हता. लघवी लागूच नये म्हणून पाणी पिणंही त्याने कमी केलं होतं.

परळच्या इस्पितळात डॉक्टर रुचाने लघवीच्या वाटेने नळी घातली. पिशवी भराभर भरली, कुशाबाने डोळे मिटून श्वास सोडला. मग सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाली, "किडन्या सुजल्यात. ऑपरेशन लागेल."

मालनने कान टवकारले. पेशंटची किडनी परस्पर काढतात, असं तिने ऐकलं होतं.

"लघवी अडली खाली. किडनीशी तुमचं काय काम?"

"मावशी, किडन्या रक्त गाळतात. नको ते पाण्याबरोबर दोन नळ्यांतून मूत्राशयात उतरतं. यांच्या मूत्राशयाखालची गाठ वाढून बाहेरची वाट दाबली गेलीय. मग पाणी उलटं वर तुंबलं, नको ते रक्तातच राहिलं; अंगावरची सूज नि तोंडाची घाण त्यामुळेच. काढायची आहे ती गाठ."

"कापणार कुठून?"

"कुठूनच नाही. लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून गाठ आतून खरवडतात."

मालनने मान डोलावली, पण पटलं नाही. ऑपरेशननंतर तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि पाठ दोन्ही बाजूंनी चाचपली.

"काय शोधतेस?"

"गप पडा."

टाका कुठेच नव्हता. तरी पुढच्या सोनोग्राफीला ती हटून पडद्यापाशी उभी राहिली. "दोन्ही दाखवा." डॉक्टरने हसत दोन्ही दाखवल्या. सूज बरीच उतरली होती.

तेव्हा कुठे मालन बाकावर टेकली आणि पदराने डोळे पुसत राहिली.