उभ्या फळ्यांचं घर

गंगाखेडच्या उन्हात घराला लाकडाचा अंगरखा घालणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना काका म्हणतो. शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचे प्रयोग काही निवृत्त झाले नाहीत. बियाणाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्यांनी डोंगरातलं एक घर पाहिलं, बाहेरून उभ्या फळ्या ठोकलेलं, आणि स्वतःच्या चांगल्या सिमेंटच्या भिंतींवरून त्यांचं मनच उडालं. मिस्त्रीनं चित्र निरखलं नि म्हणाला, "सर, हे बर्फातलं घर हाय. आपल्याकडं बर्फ फकस्त रसवंतीत असतंय." काका म्हणाले, "तू फळ्या ठोक. बर्फाचं मी बघतो."

फळ्या निवडायला ते रोज वखारीत जात. टरबूज वाजवावं तशी एकेक फळी बोटानं वाजवून, कान लावून ऐकत आणि मान हलवून परत ठेवत. पुढे पुढे ते कोपऱ्यावर दिसले की वखारवाला जेवायला जाई. एका दुपारी तो तीनदा जेवला. मग फळ्या आडव्या की उभ्या, यावर मिस्त्रीशी दोन दिवस वाद. काका म्हणत, "पानी कसं पडतंय? वरून खाली. आडव्या फळ्यांच्या हरेक सांध्यावर त्याला इसावा घ्यायला लावतो का?" हे पटवायला त्यांनी दारात आडवा नि उभा असे दोन नमुने मांडले, आणि तेव्हापासून आल्यागेल्याला आधी तांब्यानं पाणी ओतून प्रयोग दाखवायचा, चहा नंतर, असा शिरस्ता पडला. एका पाहुण्यांनी तर पाय धुवायला पाणी आलं असं समजून चपला काढल्या आणि पाय पुढे केले.

घर झालं. हवा खेळावी म्हणून फळ्यांमागे दोन बोटं जागा सोडली होती. लोकांना हवा दिसेना, खोकं दिसलं. रिक्षावाले "खोक्याचं घर" म्हणू लागले, आणि शेजारणीनं मावशीला सरळ विचारलं, "घर पार्सल करायलात का?" मावशीनं पिशवी भरली आणि मानवतला आमच्याकडे, माझ्या आईजवळ, निघून आली. "खोक्यात राहायला मी काय आंबा हाय?" एवढंच ती म्हणे, पण रोज म्हणे. पहिले दोन दिवस आम्ही हसलो. नंतर लक्षात आलं, की म्हणून झाल्यावर ती तोंड फिरवून डोळे पुसते.

नवव्या दिवशी काका एसटीनं आले, हातात पुरुषभर उंचीची फळी. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं तेव्हा म्हणे त्यांनी विचारलं, "उभी धरलीय, जागा कुठं अडवायलीय?" फळी मावशीपुढे ठेवून ते खाली बघत म्हणाले, "तुझ्या सैपाकघराच्या भिंतीवरची हाय. त्या भिंतीच्या बाकीच्या मिस्त्री काढायलाय. ती भिंत तुझी. पाहिजे तो रंग दे."

"रानी रंग?" मावशीनं विचारलं.

काकांनी डोळे मिटले आणि होकार दिला.

फळी घेऊन एसटीत बसणार नाही, या अटीवर मावशी गेली. फळी आमच्याकडेच राहिली. आई तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते. फळी आडवी असल्यामुळे काका त्या खोलीत बसत नाहीत.

मे महिन्यात फळ्या वाळून ताडकन वाजू लागल्या. मावशी "कोन हाय? आले, आले," करत दार उघडी आणि रिकाम्या अंगणाला "या, बसा," म्हणे. दुपारी मात्र तिची खाट गुपचूप फळ्यांच्या बाजूच्या खोलीत सरकली. "गार लागतंय म्हणून न्हाई. तिथला पंखा बरा हाय." काकांनी लगेच त्या पंख्याची तोंडभरून तारीफ केली.

दरवर्षी पावसाळ्याआधी फळ्यांना जवसाचं तेल द्यावं लागतं. इतकी वर्षं ते काका स्वतः देत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. यंदा त्यांचा फोन आला. उन्हाचं, कापसाचं, माझ्या नोकरीचं, सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "गुडघा ऐकंना झालाय. येतोस का?"

गेलो. मी स्टुलावर चढलो, स्टूल काकांनी दोन्ही हातांनी धरलं, आणि काकांना मागून मावशीनं धरलं. "सावकाश," ती म्हणत होती. कुणाला, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.