लिंबाने धुतलेली थ्री नॉट थ्री

विमानतळावर 'बंदूक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरून निघताना तीनदा बजावलं होतं. तरी तो निघालाच. मुंबईला तपासणीच्या यंत्रातून माझी पिशवी बाहेर आली आणि तिथल्या तरुणाने तिच्यातून एक जाड दोरी ओढून काढली. तिच्या एका टोकाला पितळी वजन होतं. हे काय आहे, असं त्याने विचारलं. मी बत्तीस वर्षं जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर (बंदुकांची देखभाल करणारा) म्हणून काढलेली, त्यामुळे खरं सांगून टाकायची वाईट खोड. "बंदुकीची नळी साफ करायची दोरी," मी म्हणालो. पुढचा पाऊण तास आम्ही एका बाकावर बसून काढला. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून ठेवून घेतलेली ती दोरी तिथेच राहिली. विमान मिळालं, पण मंदा दोह्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दोह्यात आमची मुलगी वैशाली आणि जावई निखिलराव राहतात. निखिलराव रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर आहेत. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, आणि सुट्टीच्या दिवशी झोप. घर ओल्ड एअरपोर्ट भागात. एका मोठ्या बंगल्याचे चार भाग करून चार भारतीय कुटुंबं बसवली आहेत, त्यातला हा एक. खिडकीतून समोरची भिंत दिसते आणि भिंतीपलीकडून शाळेच्या बसचा हॉर्न ऐकू येतो. नात मीरा माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. मला ते अर्धं कळतं, पण तिला माझं सगळं कळतं, तेव्हा फायद्यात कोण ते उघड आहे.

पहिल्या आठवड्यात सगळं पाहून झालं. समुद्राकाठचे मनोरे पाहिले, बाजारातले ससाणे पाहिले, थंडगार मॉलमध्ये स्वेटर घालून फिरलो. पहाटे पाचला मी एकटाच चालायला जायचो. त्यावेळी रस्त्यावर फक्त मांजरं आणि मधुमेह झालेले भारतीय असतात. कोपऱ्यावरच्या इराणी भट्टीतली ताटाएवढी रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायची, एवढंच काय ते माझं काम. रिकाम्या माणसाला पाहुणचार फार दिवस पचत नाही, हे मला तिथे कळलं.

आठव्या दिवशी घरमालक आले. अबू हमद हे सत्तरीतले कतारी गृहस्थ, पांढरा झगा, हातात जपमाळ. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला ये-जा करत, त्यामुळे अबू हमदांना हिंदी येतं. त्या हिंदीला व्याकरणाचा जाच नाही. गळणारा नळ पाहायला ते आले होते. निखिलरावांनी बोलता बोलता सांगितलं, की आमचे सासरे पोलिसांत बंदुका दुरुस्त करायचे. अबू हमद नळ विसरले. त्यांच्याकडे म्हणे जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह होता. मी जुम्याला आलंच पाहिजे, असं म्हणून ते गेले. नळ अजून गळतो आहे.

शुक्रवारी सकाळी त्यांचा ड्रायव्हर मला न्यायला आला. निखिलरावांची दिवसपाळी होती, म्हणून मी एकटाच निघालो. ड्रायव्हर म्हणजे परभणीकडचा दत्ता, पस्तिशीचा, चार वर्षं इथे एकटा. मराठी ऐकून तो खुलला, आणि मी पोलिसांत होतो हे ऐकून मिटला. तोवर 'काका' म्हणत होता, पुढे 'साहेब' सुरू झालं. मी त्याला सांगितलं, की मी नुसता आर्मोरर, आयुष्यात एकाही माणसाला पकडलेलं नाही. "तसं कसं साहेब," तो म्हणाला, "पोलीस त्यो पोलीसच." गाडी अल रय्यानच्या दिशेने धावत होती. दोन्हीकडे मातकट भिंती, भिंतींमागे खजुरांचे शेंडे, मध्येच एखादं मोकळं मैदान आणि त्यात काहीही नाही. गावी घराचा पाया आणि भिंती झाल्यात, स्लॅब राहिलाय, तो पडला की मी परत जाणार, असं दत्ता सांगत होता.

अबू हमदांची मजलिस (पाहुण्यांच्या बैठकीची खोली) आमच्या मुख्यालयाच्या सभागृहाएवढी होती. तिन्ही भिंतींना गाद्या, मधे गालिचा, आणि चौथ्या भिंतीवर काचेमागे रायफली. तुर्की, जर्मन, इंग्रजी, सगळ्या कधी ना कधी कुठल्यातरी सैन्याने वापरून विकून टाकलेल्या. प्रत्येकीतली फायरिंग पिन (गोळी उडवणारी खीळ) काढलेली होती, सरकारी परवाना चौकटीत लावलेला होता. त्यांत माझी थ्री नॉट थ्री, आमच्या पोलिसांची जुनी रायफल, होती. एक नव्हे, चार. या रायफली आमच्या पोलिसांतून काढून घेतल्या तेव्हा मी स्वतः त्या पेट्यांत भरल्या होत्या आणि वितळवायला पाठवल्या होत्या. त्या संध्याकाळी मी घरी जेवलो नव्हतो. इथे तिच्या बहिणी वातानुकूलित खोलीत मखमलीवर बसल्या होत्या. मला आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला.

गहवा (वेलदोड्याची फिकट कॉफी) आली. कप हलवला नाही तर ओततच राहतात, हे निखिलरावांनी शिकवलं होतं, तरी सहा कप झाले. अबू हमदांनी एकेका रायफलीची जन्मकथा सांगितली. ही बसऱ्याच्या बाजारातून, ती लंडनच्या लिलावातून. शेवटी त्यांनी काच उघडून पाचवी थ्री नॉट थ्री काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "मेरा बाबा का बाबा," ते म्हणाले. त्यांच्या आजोबांनी ती मस्कतहून आणली होती आणि मोती काढणाऱ्या होड्यांवर राखणीला तीस वर्षं खांद्यावर वागवली होती. तेवढ्यात जुम्याच्या नमाजाची वेळ झाली. आरामात बघा, असं म्हणून ते आपल्या मुलांना घेऊन मशिदीत गेले.

आता माझी बाजू ऐका. बत्तीस वर्षांत माझ्या हातात कोणी रायफल दिली ती एकाच कारणासाठी. मी सवयीने नळी वर केली, बोल्ट मागे ओढला, करंगळी घालून आत काही नाही ना पाहिलं. करंगळी काळी झाली. बटाच्या (लाकडी दस्त्याच्या) मानेवर, जिथे मूठ बसते तिथे, काळाकुट्ट चिकट थर होता. गाल टेकतो तिथेही तसाच. बटाची पितळी पट्टी तर तव्यासारखी झाली होती. असली रायफल आमच्या परेडला कोणी आणली असती तर त्याला मैदानाला सात फेऱ्या पडल्या असत्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना कोणी शिकवलेलं नाही. आपण एवढा पाहुणचार घेतला, काहीतरी परतफेड करावी.

मी दत्ताला उकळतं पाणी, भांड्यांचा साबण, तेल आणि फडकी आणायला सांगितलं. तो दारातच थांबला. "साहेब, मालक ह्याला कुणाला हात लावू देत न्हाईत," तो म्हणाला. मी म्हणालो, आण. मी तेव्हा आवाज चढवला नव्हता. चढवायची गरजच नव्हती. परभणीच्या माणसाला पोलिसाचा साधा आवाजही पुरतो. तो स्वयंपाकघरातून सगळं घेऊन आला. मग मी मागितली म्हणून लिंबं आणि मीठही आणलं. पाऊण तासात लाकूड तांबूस दिसायला लागलं, आणि लिंबू-मिठाने पितळी पट्टी अशी चमकली की तिच्यात मला माझ्या मिशा दिसल्या.

अबू हमद परत आले. आधी त्यांना रायफल ओळखू आली नाही. मग त्यांनी ती घेतली, बटाच्या मानेवर अंगठा ठेवला आणि तिथेच ठेवून राहिले. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला समजलं, की मी काहीतरी भयंकर करून बसलो आहे. तो थर म्हणजे आजोबांचा हात होता. तीस वर्षांचा घाम, माशांचं तेल, समुद्राचं मीठ. साफ करून मी तो पुसून टाकला होता.

त्यांनी दत्ताकडे वळून अरबीत दोन वाक्यं म्हटली. दत्ता मान खाली घालून बाहेर गेला. "मैंने किया," मी म्हणालो, "दत्ता ने मना किया था." अबू हमदांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम मेहमान," ते म्हणाले. "मेहमान कुछ नहीं करता." मी परत सांगितलं. त्यांनी परत तेच सांगितलं, जरा अधिक गोड आवाजात. मग मचबूसचं (मटणाचा मसालेभात) परातीएवढं ताट आलं आणि त्यातला सगळ्यात चांगला तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवला. मी तो गिळला. त्याची चव मला आजही सांगता यायची नाही.

परतताना गाडी दत्ताच चालवत होता. ओल्ड एअरपोर्ट जवळ आल्यावर म्हणाला, "खलास, काका. मालक म्हणलं, परतीचं तिकीट काढ." साहेबाचा पुन्हा काका झालो होतो. आता तो मला कशाला घाबरणार होता?

घरी निखिलरावांनी समजूत घातली. बाबा, इथे असंच असतं, घरमालक तुमच्यावर नाराज नाहीत, विषय वाढवू नका. मंदा भाजी निवडत होती. "तुम्ही पाहुणे म्हणून सुटलात," ती म्हणाली. "त्याला कोण सोडवणार?"

रात्री मला झोप लागली नाही. फार वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने सरावात चुकीच्या तऱ्हेने गोळीबार करून रायफलीची नळी फुगवली होती. ठपका शिपायावर आला. तपासणीचा अहवाल माझा होता, आणि नळी कोणाच्या हातात फुगली हे त्यात मी लिहिलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. त्या शिपायाची बढती गेली. मी त्याच्यासमोरून रोज जात होतो आणि तो मला रोज सलाम करत होता. आता विचारायला कोणी नसताना मी सांगत होतो, तर ऐकून घेणारा इतका सभ्य निघाला की माझा गुन्हाच मान्य करेना. पाहुण्याला गुन्हा करण्याचीही सोय नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पाहुणा राहायचं नाही असं ठरवलं. निखिलरावांची जुनी पँट आणि डाग पडलेला शर्ट घातला, त्यांची हत्यारांची पेटी उचलली आणि टॅक्सीने अल रय्यानला गेलो. पुढचं दार सोडून कामगारांच्या फाटकाने आत शिरलो. तिथे एक पाण्याचं पिंप होतं, त्याला साखळीने बांधलेला पेला होता. त्यातून पाणी प्यालो आणि पायरीवर पेटी घेऊन बसलो. दत्ता गाडी पुसत होता. तो माझ्याकडे बघतच राहिला.

थोड्या वेळाने अबू हमद बाहेर आले. आत चला, गहवा घ्या, असं म्हणाले. मी उठून सावधान उभा राहिलो. "आज मेहमान नहीं, साहब," मी म्हणालो. "आज आर्मोरर है. काम खराब किया. बोलिए."

त्यांनी माझ्या शर्टावरच्या डागाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग त्यांनी सुरुवात केली.

"तुम गधा है?" हे पहिलं वाक्य. मग तुम्हाला कोणी शिकवलं, डोळे आहेत का, डोकं आहे का. आवाज चढत गेला. घरातून माणसं बाहेर आली आणि परत आत गेली. अधेमधे अरबीतही काही गेलं, ते कळलं नाही तरी पोहोचलं. "मैं छोटा था," ते म्हणाले, "बाबा का बाबा मर गया. मैं रोज उधर हाथ रखता. मेरा हाथ छोटा, उसका हाथ बड़ा. तुम लिंबू लगाया? लिंबू?" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला. मी सावधानच होतो. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात हलवला नाही. नोकरीत मी पुष्कळ झापून घेतलं, पण इतकं मन लावून मला कोणी झापलं नव्हतं, आणि इतकं न्याय्यही.

मग ते थांबले. श्वास घेतला. फाटकाकडे वळून म्हणाले, "दत्ता, गाड़ी निकालो. यल्ला, जल्दी. इसको घर छोड़ो, और तीन बजे मेरे को लेने आओ."

तीन वाजता म्हणजे तिकीट रद्द. हे दत्ताला माझ्या आधी कळलं. किल्ली त्याच्या हातून दोनदा पडली. गहव्याचं त्या दिवशी पुन्हा कोणी विचारलं नाही.

महिना संपला तेव्हा आम्हाला विमानतळावर सोडायला दत्ताच आला, मालकाच्या परवानगीने. सामान उतरवताना त्याने बातमी दिली. ती रायफल आता भिंतीच्या मधोमध आली आहे. शुक्रवारी पाहुणे जमले की अबू हमद ती काढतात आणि हिंदुस्तानी पोलिसाने ती कशी धुतली ते सांगतात. लिंबाचा भाग आला की दत्ताला आत बोलावतात, कारण तो साक्षीदार. पाहुणे हसून लोळतात. परवा एक जण ती विकत मागत होता, मालकाने दिली नाही. "तुमचं नाव बी घेत्यात काका," दत्ता म्हणाला, "पण लय वंगाळ पद्धतीनं."

विमानात मंदा लगेच झोपली. मी खिडकीतून खाली पाहत होतो, वाळू संपून समुद्र लागला होता. संग्राहकांच्या जगात म्हणे वस्तूपेक्षा तिच्या गोष्टीला मोल असतं. त्या हिशेबाने मी अबू हमदांच्या संग्रहात भरच घातली, आणि स्वतःही त्यात कायमचा जमा झालो. दत्ताचा स्लॅब या वर्षी पडेल. सगळं ठीक झालं, असं मी गावी गेल्यावर सांगणार आहे. फक्त शुक्रवारची माणसं हसून घरी गेल्यावर तो म्हातारा बटाच्या मानेवर हात ठेवत असेल, आणि तिथे आता त्याच्या एकट्याचाच हात आहे.